काका, हात!

रविवार, रात्री साडेनऊ

आज आयुष्यातली दुसरी मॅच लिहिली. खेळलो नाही, लिहिली. उजव्या हाताची बोटं अजून आखडलेली आहेत आणि मान उन्हाने भाजली आहे, कारण स्कोअररच्या टेबलावर सावली फक्त नाश्त्याच्या वेळेपुरती होती.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं, स्कोअरिंग म्हणजे काय, बेरीज तर करायची. चाळीस वर्षं क्रिकेट बघतोय. बघताना तोंड कधी बंद ठेवलेलं नाही, ही गोष्ट आड येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

समोरच्या संघाची स्कोअरर माझ्या मुलीपेक्षाही लहान. पहिल्याच षटकात अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले, मी वहीत वाइडची फुली मारली आणि मान खाली. खेळ थांबलेला. अंपायर आमच्याकडे बघत तसाच उभा. "काका, हात!" ती म्हणाली. खूण दिसली हे हात वर करून कळवायचं असतं, तोवर त्याने पुढचा चेंडू टाकू द्यायचा नसतो. दिवसभरात हे "काका, हात!" किती वेळा झालं, ते मोजायला तिसरा स्कोअरर लागला असता.

खरी पंचाईत सातव्या षटकात झाली. चेंडू बॅटची कड घेऊन मांडीवर आदळला आणि फाइन लेगला गेला. आवाज मी स्वतः ऐकला. पोरांनी एक धाव काढली. अंपायरने गुडघा उचलून त्यावर हात टेकवला: लेगबाय, म्हणजे बॅटला नाही, नुसता अंगाला लागून गेला. "अहो, बॅट लागली!" माझ्या तोंडून निघालंच. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उलटा त्रिकोण काढला, आत एक लिहिला, हात वर केला. म्हणाली, "आपण बॅट बघायची नाही. अंपायर बघायचा." फलंदाजाची हक्काची धाव गेली आणि मी ती माझ्याच पेनाने अवांतरात, म्हणजे कुठल्याच फलंदाजाच्या नावावर नसलेल्या धावांत टाकली. घरी सोफ्यावर बसून अंपायरची अक्कल काढणं किती सोपं होतं!

शिवाय माणसं ओळखायची. टीव्हीवर पाठीवर नाव असतं. इथे दोघा पोरांच्या शर्टावर एकच नंबर. शेवटी मी "हिरवी ग्रिप" आणि "फाटका पॅड" असं मार्जिनमध्ये लिहून ठेवलं. एक गंमत मात्र आवडली: निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडले की इंग्रजी एम होतो. दिवसभरात दोनच एम मिळाले, दोन्ही जरा जास्तच कोरून काढले.

डाव संपल्यावर ताळा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर: १४३. गोलंदाजांच्या नावावरच्या धावा अधिक बाय (बॅटला किंवा अंगाला न लागता निघालेल्या धावा) आणि लेगबाय: १४३. मी खूश. तिचेही १४३, पण तिच्याकडे डावखुऱ्या फिरकीवाल्याच्या नावावर ३१ आणि माझ्याकडे ३०. वाइडवर पळून एक धाव काढली होती. ते दोन वाइड, दोन्ही गोलंदाजाच्या खात्यावर. मी एक वाइड आणि एक बाय लिहिला होता. तेरीज जुळली, पण रक्कम भलत्याच खात्यात! काउंटरवर एखाद्या नव्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला काय काय बोललो असतो. ती फक्त म्हणाली, "चौदावी ओव्हर बघा," आणि खोडरबर पुढे सरकवला.

लोकलमध्ये उभ्या उभ्या ते कल्याणचं प्रकरण आठवलं. जानेवारी २०१६, प्रणव धनावडे, शालेय सामन्यात नाबाद १००९. तेव्हा पेपरात वाचून आम्ही फक्त त्या पोराबद्दल बोललो होतो. आज पहिल्यांदा वाटलं, १२९ चौकार आणि ५९ षटकार एका नावापुढच्या त्या अरुंद पट्टीत कुणी आणि कसे बसवले असतील?

शनिवारी पुन्हा मॅच आहे. प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग वापरायचा, असं तिने सांगितलंय. घरात निळं, काळं आणि बँकेतून आलेलं लाल एवढीच पेनं आहेत. हिरवं आणि जांभळं आणायला हवं. आणि टोपी, मागे झालर असलेली.