गवंती, मुरगी, नेगी, मेंथी

आठवीपासून आम्हां मुलींना कार्यानुभवाच्या तासाला शिवण आणि भरतकाम असे, मुलांना सुतारकाम. या स्मरणिकेत निकालांविषयी, नाटकांविषयी, क्रीडांगणाविषयी पुष्कळ जण लिहितील. मी भरतकामाच्या तासाविषयी लिहिते. पुढे जे गणित मी शिकले आणि शिकवलं, त्याची सुरुवात माझ्या मते त्या तासाला झाली.

शिवणाच्या बाईंचं माहेर धारवाडचं. दिवाळीच्या सुटीत त्या रेल्वेने बेळगावमार्गे माहेरी जायच्या आणि परतताना त्यांच्या पिशवीत दोऱ्याच्या नव्या लड्या असायच्या. मराठी स्वच्छ बोलत, पण टाके मात्र कानडीत मोजत: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आमच्या मिरजेत त्याचं कुणाला नवल नव्हतं. इरकल नेसणाऱ्या आज्या घरोघर होत्या, आणि त्यांच्या चोळ्यांना गुळेदगुड्डचा खण.

पहिलं वर्ष नमुन्याच्या कापडात गेलं. पांढऱ्या कापडावर पेन्सिलीच्या रेघा, आणि एकेका रेघेवर एकेक टाका: धावदोरा, टीप, देठाचा टाका, साखळी, काजाचा टाका, गाठीचा टाका, शेवटी भरीव. बाई टाका दाखवून थांबत नसत, तो तसाच का घालायचा हेही सांगत. देठाच्या टाक्यात दोरा शेवटपर्यंत सुईच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर पीळ मोडतो आणि देठ तुटल्यासारखा दिसतो. गाठीच्या टाक्यात सुई जिथून वर आली त्याच भोकात परत घालायची नाही, एखादा धागा सोडून घालायची, नाहीतर गाठ कापडाखाली निसटते. साखळीच्या शेवटच्या कडीला बारीक टाका घालून ती बांधून टाकायची, नाहीतर एक टोक ओढलं की अख्खी साखळी उसवते. पाकळी भरण्याआधी तिच्या आत धावदोऱ्याचं अस्तर घालायचं, म्हणजे भरीव टाका उठून दिसतो. दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही. कापडातून पुन्हा पुन्हा ओढून त्याची चकाकी जाते. सहा पदरांच्या लडीतून दोन पदर हवे असतील तर एकेक करून काढायचे, एकदम ओढले की गुंता होतो. हे सगळं आजही मला तोंडपाठ आहे, आणि कारणासकट आहे.

नक्षी उतरवायची रीतही शिकवली. ट्रेसिंग पेपरवरच्या नक्षीला सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर पसरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. रॉकेल उडून जातं, निळे ठिपके राहतात. वर्गभर तो वास पसरे.

नववीत कर्नाटकी कशिदा सुरू झाला आणि ही छापायची रीत बाजूला पडली. कशिद्यात कापडावर काहीच काढायचं नसतं. आडवे-उभे धागे मोजायचे आणि त्यांवरूनच गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर उभे करायचे. दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीचं टोक पुढच्या टाक्यांखाली दाबून बसवायचं. आम्हां मुलींना मॅटीचं जाडं कापड दिलं होतं, कारण त्याची घरं डोळ्यांना दिसतात. बाईंकडे त्यांच्या आईची, कशिदा भरलेली काळी चंद्रकळा होती. तिच्या तलम विणीतले धागे कुणी कसे मोजले असतील, याचा विचार करत आम्ही ती नुसती बघत बसलो होतो. आता रेशमी कापडावर जाळीचा कॅनव्हास टाचून त्यावर भरतात आणि काम झालं की जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. सोय आहे, आणि त्यात काही वाईटही नाही. त्या चंद्रकळेच्या वेळी ती नव्हती.

कशिद्याचे टाके चार. मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका. नेगीत लहानमोठे धावदोरे एकाशेजारी एक असे बसतात की नक्षी मागावर विणून आल्यासारखी दिसते. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. आणि गवंती, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती दुहेरी धावदोऱ्याची. जाताना एक घर वर, एक घर खाली. परत येताना मोकळी राहिलेली घरं भरायची. काम संपलं की कापडाची सुलट आणि उलट बाजू सारखीच दिसली पाहिजे.

सरळ रेघेत हे सोपं. पण रथाला कळस असतो, कळसाला पताका, चाकाला आरे. फाट्यावर आल्यावर सुई कुठे न्यायची? वर्गात यावरच सगळ्यांचं घोडं अडायचं. बाईंचे नियम दोन होते. एका वाटेने एकाच दिशेला दोनदा जायचं नाही. आणि फाट्यावर पहिल्यांदा ज्या वाटेने आलात, तिने परत फिरायचं ते सगळ्यात शेवटी, बाकीच्या वाटा संपल्यावर. हातात सुई घेण्याआधी आलेखाच्या कागदावर बोटाने अख्खी नक्षी फिरून दाखवावी लागे. "आधी बोट पोचू दे, मग सुई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एम. एस्सी.ला आलेख सिद्धांत आला, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांचं गणित. कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांवरून प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरून येणं शक्य नाही, हे ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं ते हा विषय शिकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रत्येक पूल दोनदा, जाता-येता असा एकेकदा, ओलांडायचा म्हटलं तर सलग जोडलेल्या कुठल्याही नकाशावर ते नेहमीच जमतं. ते कसं जमवायचं याची रीत गॅस्टन टॅरी या फ्रेंच गणितज्ञाने १८९५ साली चक्रव्यूहातून बाहेर पडण्याच्या संदर्भात मांडली. ते पान वाचताना मी जागच्या जागी थांबले. तिथे नियम दोनच होते, आणि ते बाईंचे होते.

दोन्ही बाजू सारख्या का उमटतात, याचंही उत्तर मग सापडलं. मॅटीवर सुई जिथे वर-खाली होते ते ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून काळे-पांढरे आहेत असं धरा. काळ्या ठिपक्यातून निघताना दोरा वरून गेला, तर पांढऱ्यातून निघताना तो खालून जाणार, पुन्हा काळ्यातून वरून. प्रत्येक रेघ एकदा काळ्याकडून आणि एकदा पांढऱ्याकडून चालली जाते, म्हणून ती एकदा वर आणि एकदा खाली उमटते. चौकोन भरताना दुसरी फेरी उलट दिशेनेच का घ्यायची, हे यावरून लगेच कळतं: त्याच दिशेने गेलात तर आधीच्याच टाक्यांवर टाके पडतील आणि मोकळी घरं मोकळीच राहतील. एक तिरपी रेघ घालून त्रिकोण केलात की काळ्या-पांढऱ्याचा हिशेब चुकतो. तो का चुकतो, ते मी माझ्या विद्यार्थ्यांना कापडावरच शोधायला लावते.

ज्या बायकांनी हे नमुने बसवले त्यांच्यातल्या किती जणी शाळेत गेल्या असतील? तरीही पताकेच्या टोकापर्यंत जाऊन अचूक परत येणारी वाट त्यांनी शोधली आणि लेकीसुनांच्या हाती दिली. बायकांच्या हातच्या कामाला वेळ घालवण्याचा छंद म्हणतात तेव्हा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. मुलांना आमच्या तासाला बसू दिलं नाही याचंही वाईट वाटतं. खिडकीशी रेंगाळणारे दोघं-तिघं होते. त्यांना रंधा आवडत नव्हता, आणि आलेखाच्या कागदावरच्या वाटा मात्र ते आमच्याआधी सोडवत. आता कित्येक शाळांत हा तासच उरलेला नाही, असला तर इतर विषयांचा राहिलेला अभ्यास त्यात उरकतात.

म्हणून या अमृतमहोत्सवी वर्षात संस्थेला माझी विनंती आहे की महिन्यातून एका शनिवारी कशिद्याचा वर्ग सुरू करावा, मुलामुलींना एकत्र. शिकवायला मी येईन. मॅटीचं कापड, बोथट टोकाच्या सुया, लड्या आणि आलेखाचे कागद माझ्याकडून. आपल्या तुकडीतल्या ज्या मैत्रिणींनी जुने नमुने जपून ठेवले असतील, त्यांनी ते दोन्ही बाजूंचे फोटो काढून माझ्याकडे पाठवावेत. रथाचा आणि तुळशीवृंदावनाचा नमुना माझ्याजवळ आहे. पालखीचा हवा आहे.