हर्णैचा लिलाव, वेलदूरचा धक्का आणि बैठकीतली रिकामी खुर्ची

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हर्णैला पर्यटकांची गर्दी असते ती सुवर्णदुर्गासाठी आणि ताज्या सुरमईसाठी. मला संध्याकाळचा लिलाव गाठायचा होता. इथे होड्या जरा आतच उभ्या राहतात आणि मासळी बैलगाडीवर लादून वाळूवर आणतात. गाडीची चाकं निम्मी पाण्यात, बैलांच्या पोटाला लाटा लागताहेत आणि पलीकडे बोली सुरू झालेली. वाळूवर ओळीने वाटे मांडलेले असतात: बांगडा, मांदेली, म्हाकूल, कोळंबी. ओरडणारे बहुतेक पुरुष. पण माल हातात घेऊन, कल्ला उचलून, भाव पाडून तो पाटीत भरणाऱ्या बायकाच.

त्यातल्या एका मावशींशेजारी जाऊन मी वाळूत बसले. मला समुद्रातल्या भांडणांबद्दल विचारायचं होतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षं पारंपरिक मच्छीमार एका बाजूला आणि पर्ससीनवाले, एलईडीवाले दुसऱ्या बाजूला, अशी उभी फूट पडली आहे. पर्ससीनचं जाळं थव्याला चहूबाजूंनी घेरून खालून आवळतं. रात्री पाण्यावर प्रखर दिवे सोडले की मासळी आपणहून उजेडाकडे येते आणि एक बोट एका फेरीत जे नेते, ते लहान होडीला अनेक दिवसांत मिळत नाही. कागदावर नियम आहेत. राज्याने २०१६ मध्ये आपल्या हद्दीतली पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्यापुरती ठेवली. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. तरी बोटी अडवणं, घेराव, मारामाऱ्या आणि मग दोन्हीकडच्या पोरांवर गुन्हे हे चालूच राहतं.

"दर्यात काय झालं ते बापये सांगतात," मावशी म्हणाल्या. "पण कोण कोणावर खार खाऊन आहे ते आमाला आदी कळतं, बाय. बर्फ एकाच ठिकानचा, नळ एकच, लेकी एकमेकांच्या घरात दिलेल्या."

"मग कळल्यावर काय करता?"

"करायचं काय? त्या पोराच्या आवशीकडं जायचं. तिला सांगायचं, आजची रात त्याला पाण्यात धाडू नको. ती माजं ऐकते. उद्या मला बी तिचं ऐकायला लागतं."

"आणि पोलीस ठाण्यात शांततेची बैठक असते तेव्हा?"

"मीटिंगला बापये जातात."

एवढं बोलून त्या बोलीकडे वळल्या, कारण समोर कोळंबीचा वाटा आला होता.

त्या वाळूत बसून मला सारखी लायबेरिया आठवत होती. २००३ मध्ये तिथल्या यादवी युद्धाला कंटाळलेल्या बायका राजधानी मोन्रोव्हियात रोज येऊन बसायच्या, तेही मासळी बाजाराजवळच्या मैदानात, राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा ज्या रस्त्याने जातो त्याच्या कडेला. अंगात पांढरे कपडे. ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकत्र, उन्हात आणि पावसातसुद्धा. पुढे घानामध्ये अक्रा इथे वाटाघाटी रखडल्या तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी सभागृहाच्या दारात ठिय्या देऊन बसल्या आणि करार केल्याशिवाय आतल्या पुरुषांना बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. १८ ऑगस्ट २००३ ला करार झाला. त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं. २००७ मध्ये तिथे शांतिसेनेत भारतातून केवळ महिलांची पोलीस तुकडी गेली होती, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली तशी ती पहिलीच. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

त्या बायका दारात बसल्या, हे मात्र नीट पाहायला हवं. टेबलावर जागा असती तर दार अडवावं लागलं नसतं. सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० ला ठराव क्रमांक १३२५ करून सांगितलं होतं की हिंसा रोखणं, वाटाघाटी, पुनर्बांधणी या सगळ्यात स्त्रियांचा सहभाग हवा. तरी १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत बायका होत्या सुमारे १३ टक्के आणि सह्या करणाऱ्यांत ६ टक्के. हर्णैच्या किनाऱ्यावर युद्ध नाही, हे मला कळतं. पण ज्यांना आधी कळतं त्यांनाच बैठकीला बोलवायचं नाही, ही रीत दोन्हीकडे एकच.

दुसऱ्या दिवशी दाभोळ. फेरीबोटीच्या धक्क्याजवळच आदिलशाही काळातली काळ्या दगडाची मशीद आहे. मक्केला निघालेली विजापूरची शहजादी इथे अडकली आणि प्रवासासाठी आणलेलं द्रव्य तिने या बांधकामात घातलं, अशी कथा सांगतात. नक्षी खाऱ्या वाऱ्याने झिजली आहे, घुमट मात्र अजून देखणा. मग गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं. बोटीतून पलीकडच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा प्रकल्प तो हाच.

धोपाव्याहून वेलदूर जवळ आहे. १९९७ साली ३ जूनच्या पहाटे इथे पोलीस शिरले. बहुतेक पुरुष मासेमारीला गेले होते. बायकांना घरांतून ओढून बाहेर काढलं, लाठ्यांनी मारलं, गाड्यांत कोंबलं. मारहाण झालेल्यांत एक गरोदर बाई होती. ह्यूमन राइट्स वॉचच्या जानेवारी १९९९ च्या अहवालात हे सगळं सविस्तर आहे, ॲम्नेस्टीनेही १९९७ मध्येच त्यावर लिहिलं होतं. खाडीच्या पाण्याच्या आणि मासळीच्या काळजीपोटी या प्रकल्पाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या, धरणं धरणाऱ्या या बायका होत्या. पुढे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने नवी कंपनी आली. या उलथापालथीवर अर्थशास्त्राचे ढीगभर लेख सापडतात. त्या पहाटेबद्दल मराठीत शोधायला गेलं तर फार थोडं हाती लागतं.

वेलदूरच्या धक्क्यावर मी त्या दिवसाबद्दल कुणालाच विचारलं नाही. चहा घेण्यापुरत्या थांबलेल्या पाहुणीने उकरून काढावी अशी ती जखम नाही. जाळी दुरुस्त चालली होती, बायका सुकट पसरत होत्या, आणि मी तासभर नुसती बसून होते. शांततेच्या नावाखाली आपण पुष्कळदा "गप्प बसा" एवढंच म्हणतो. त्या बायका गप्प बसल्या नव्हत्या आणि त्यांनी दगडही उचलला नव्हता. मला विचाराल तर शांततेचं काम त्याच करत होत्या.

मुक्काम गुहागर तालुक्यातल्या एका गावात, ओळखीच्या वहिनींकडे. वहिनी ग्रामपंचायत सदस्य आहेत. जेवणं झाल्यावर विषय निघाला शिमग्याचा. पालखी आधी कुणाच्या खळ्यात, निशाण कोण धरणार, या मानपानावरून कोकणात वाड्यावाड्यांत हाणामारी होते, भावकी फुटते, एखादं घर वाळीत पडतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात २०१७ पासून कायदा लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण वाळीत पडलेल्या घरातल्या बाईला विहिरीवर काय सोसावं लागतं ते तक्रारीच्या कागदावर उतरत नाही. म्हणून ते व्हायच्या आधीच थांबवायला हवं, असं वहिनींचं म्हणणं.

"सणाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मानकरी जातात, सरपंच जातात. भांडण कुठून पेटणार हे ज्यांना ठाऊक, त्या घरीच."

मी विचारलं, महिला ग्रामसभेत हे मांडता येणार नाही का? कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, आणि २६ जानेवारीची ग्रामसभा महिन्यावर आली होती. वहिनींनी लगेच वही काढली. आम्ही दोघींनी बसून मसुदा लिहिला: शांतता समितीवर प्रत्येक वाडीतून एक बाई घ्यावी, मासळी विकणाऱ्या बायकांतून दोघी असाव्यात, आणि बैठकीची वेळ बाजाराच्या वेळेवर ठेवू नये. हे शेवटचं कलम वहिनींचं. मी ते खाली टाकलं होतं, त्यांनी ते खोडून सगळ्यात वर घेतलं.