महेश्वरची वाट आणि तीन बिंदू

गेल्या डिसेंबरात आम्ही सहाजण इंदूरहून सायकलने महेश्वरला निघालो. जायचं होतं महूवरून जाम दरवाज्याच्या वाटेने. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला हा दरवाजा. तिथून खाली पसरलेलं निमाड बघायचं, यासाठीच सगळी खटपट. रात्री जागून मी रस्ता आखला आणि जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएस यंत्राला रस्ता सांगणारी फाइल, सगळ्यांना पाठवली. पण महू मागे पडलं आणि हँडलवरच्या यंत्राने आम्हाला एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई हमरस्त्याने, मानपूरच्या घाटात नेलं. शेजारून ट्रक धडाडत होते, आणि आमच्यात साठी ओलांडलेले एक काका. घाट उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

धामनोदला चहा घेताना काका शांतपणे म्हणाले, "अगं, जाम दरवाजा राहिला की!"

घरी आल्या आल्या फाइल नोटपॅडमध्ये उघडली. जीपीएक्स म्हणजे साधा मजकूरच, डोळ्यांनी वाचता येतो. आत 'आरटीई', म्हणजे रूट, आणि त्याखाली फक्त तीन बिंदू: इंदूर, महू, महेश्वर. रूट ही नुसती ठिकाणांची यादी. मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून स्वतःच काढतं, आणि त्याने हमरस्ता निवडला. मला हवा होता ट्रॅक, 'टीआरके'. त्यात वळणावळणाला बिंदू असतात, शेकड्यांनी, आणि त्यांची रेघच समोर दिसते. पाण्याची जागा, पंक्चरवाला अशा सुट्या खुणांसाठी वेपॉइंट वेगळे. तिन्ही एकाच फाइलीत राहू शकतात, म्हणून नुसतं "जीपीएक्स पाठव" म्हणून भागत नाही.

नवी फाइल करताना महेश्वरचा बिंदू एका केएमएलमधून (नकाशावरच्या जागा साठवायचा हा दुसरा फाइल-प्रकार) हाताने उतरवला, तर तो थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! केएमएलमध्ये आधी रेखांश येतो, ७५.५९, मग अक्षांश, २२.१८. मी ते आकडे त्याच क्रमाने जीपीएक्समध्ये भरले होते. तेव्हापासून हाताने काही उतरवत नाही. जीपीएसबेबल हा मोफत प्रोग्राम एका प्रकारातून दुसऱ्यात नीट बदलून देतो.

फेब्रुवारीत पुन्हा निघालो, पहाटे साडेपाचला. नोंदलेल्या ट्रॅकमध्ये पहिल्या बिंदूची वेळ ००:०० आहे, कारण जीपीएक्स वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत लिहितं. या वेळी दरवाज्याच्या कमानीत काका बराच वेळ उभे होते. परतल्यावर त्यांनी मुलासाठी फाइल मागितली. नाव देताना मी लिहिलं, 'महेश्वर-जाम दरवाजा-ट्रॅक'.