सोडायचाच तर पकडतेस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हळदीकुंकवाला, लग्नात, लिफ्टमध्ये, सगळीकडे हेच, की तुमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मग इंदूरहून काश्मीरला जाऊन मासा पकडायचा आणि परत सोडायचा, हे काय? आणि पाठोपाठ, आपला बिलावली तलाव काय वाईट आहे?

बिलावलीचं सोपं आहे. मी पकडते तो ट्राउट गार पाण्यातला मासा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की तो खाणं टाकतो, त्याला दम लागतो, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. आपल्या मे महिन्यात तो टिकणारच नाही. काश्मीरमध्येही तो मूळचा नाही, 1900 साली स्कॉटलंडहून अंडी आणली, श्रीनगरजवळच्या हारवनला पिल्लं वाढवली.

मी सप्टेंबरातच का जाते, तर तळ्याचं वरचं पाणी तेव्हा गार व्हायला लागतं, गार झालं की जड होऊन खाली बसतं आणि खालचं वर येतं. उन्हाळाभर खोल राहिलेला ब्राउन ट्राउट मग काठाशी येतो, थंडीच्या आधी खाऊन घेतो, अंडी घालायला ओढ्यांच्या तोंडाशी जमतो. त्या दिवसांत संध्याकाळी तळ्याकाठी उभं राहिलं की मला दुसरं काही नको असतं. हे मी कुणाला पटवू शकलेले नाही.

आता ते सांगते जे लिफ्टमध्ये सांगत नाही.

गंगाबल तळं, काश्मीरातल्या हरमुख शिखराच्या पायथ्याशी, साडेतीन हजार मीटरवर. परमिट होतं, भाचा बरोबर होता. सूर्य डोंगराआड गेला आणि वारा पडला. मी ओढ्याच्या तोंडापासून थोडं बाजूला उभी राहून शेवाळी रंगाची वुली बगर, म्हणजे हूकवर पिसं-धागे गुंडाळून केलेलं खोटं भक्ष्य, टाकली, दहापर्यंत मोजलं, लाइन बुडू दिली, मग वीतभर ओढायची आणि थांबायचं, वीतभर ओढायची आणि थांबायचं, असं करत असताना थांबलेल्या लाइनलाच झटका बसला. मासा हातभर होता. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. हूकचं उलटं टोक मी आधीच पक्कडीने दाबलेलं होतं, तो सहज सुटला. तिथेच सोडायला हवा होता. पण भाचा म्हणाला, आत्या फोटो, आणि पहिला हलला, दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले, तिसऱ्याला मी त्याला अजून वर धरलं, कोरड्या हातांनी. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो हे मला माहीत होतं, मी दुसऱ्यांना सांगत असते.

पाण्यात ठेवला, सरळ धरला. कल्ले दोन-तीनदा उघडले. हात सोडला तसा कुशीवर वळला आणि पांढरं पोट वर करून दगडांत जाऊन बसला. भाच्याने विचारलं, आत्या, गेला का तो? मी म्हटलं, नाही रे, थकलाय. खोटं बोलले. आमच्या घोडेवाल्याने गुडघाभर पाण्यात जाऊन तो काढला, रात्री भाजला, पहिला तुकडा मला दिला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, खाना नहीं था तो पकडा क्यों? रागाने नाही, खरंच विचारत होता.

तोपर्यंत माझ्याकडे उत्तर होतं. बारीक हूक, त्याला विशेष दुखत नाही, सोडला की जगतो, आपण खाणाऱ्यांपेक्षा बरे. हे मी किती ठामपणे बोलायचे! आता तसं बोलणाऱ्या त्या जुन्या माझ्याशीच माझं भांडण आहे, कारण घोडेवाल्याने निदान तो खाल्ला, मी तर फोटोसाठी मारला. आणि तरी मी मासे पकडणं सोडलं नाही. हात आधी भिजवते, मासा पाण्याबाहेर काढतच नाही, हूक पाण्यातच सोडवते, फोन तंबूत. सगळे जगत असतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जाऊ नये असंही मला वाटत नाही.

तो फोटो अजून आहे. मी हसतेय, मासा दोन्ही हातांत, मागे तळं. तुम्ही बऱ्याच जणांनी पाहिलाय, छान आलाय म्हणालात.

परवा घरामागच्या मैदानावर हूकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून कास्टिंग, म्हणजे लाइन फेकायचा सराव, करत होते, शेजारच्या काकू गेटपाशी थांबून म्हणाल्या, यंदाही जाणार का गं? हो म्हटलं.