ओमो ओनिकोयी आणि आमचा हेळवी

परवा शेजारच्या इयानं मला विचारलं, तू कोणाची गं? इया म्हणजे आई, इथे नायजेरियातल्या इबादानमध्ये वयानं मोठ्या बाईला सगळे तेच म्हणतात. मी आपलं सांगितलं, इंडियाची. तर म्हणाली तसं नाही, तुझी माणसं कुठून निघाली आणि कुठं येऊन थांबली ते सांग. आडनाव, गाव, कुलदैवत जोतिबा, एवढं सांगून झालं आणि पुढे मला काही बोलताच येईना.

ती तेव्हा नातीला न्हाऊ घालायला बसलेली. अगदी आपल्यासारखेच पाय पसरून, बाळ पायांवर पालथं, फक्त तेलाऐवजी शिया बटर. आणि चोळता चोळता एका लयीत ओरिकी चाललेली. ओरिकी म्हणजे इथल्या योरुबा लोकांमधली घराण्याची बिरुदावली, पण भाटांवर सोडलेली नाही, घरातल्या बायाच म्हणतात. आधी बाळाचं लाडाचं नाव, आमोके, म्हणजे जिला ओळखलं की लाडच करावेत अशी. मग ओमो ओनिकोयी, ओनिकोयीचं, म्हणजे इकोयीच्या राजाचं लेकरू. मूळ गाव इकोयी, पण लागोसमधलं श्रीमंतांचं इकोयी नव्हे, उत्तरेकडचं, योरुबांच्या जुन्या ओयो साम्राज्यातलं. तिथल्या योद्ध्यांना बाण लागायचा तो समोरून, पाठीत कधीच नाही, हे त्या सव्वा महिन्याच्या पोरीला सांगणं चाललं होतं आणि ती टक लावून बघत होती!

इबादान बाहेरून आलेल्यांचंच शहर. 1829 च्या सुमारास लढाईची छावणी पडली, आणि ओयो कोसळल्यावर उत्तरेकडून लोंढेच्या लोंढे आले. जुनी राजधानी ओयो-इले ओस पडली, आता तिथे नॅशनल पार्क आहे. पण दोनशे वर्षांनीही घरोघरी मूळ गाव तोंडपाठ.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. इया माहेरची ओपोमुलेरो घराण्याची, म्हणजे घर पेलणारा खांब. सासरी येऊन तिनं ओनिकोयींची ओरिकी शिकली पण माहेरची सोडली नाही, त्यामुळे नातीच्या कानात दोन्ही घराणी पडतात, रोज.

आता आपल्याकडे काहीच नाही असं नाही हं. गडहिंग्लजला आमच्या दारात हेळवी यायचा, चोपडी उघडून खापरपणजोबांपर्यंत नावं घडाघडा वाचायचा, आणि लिहिलेलं जास्त पक्कं असतं हे मी इयाला ठासून सांगितलंसुद्धा. तिनं एवढंच विचारलं, त्यात तुझ्या आजीचं माहेर आहे का? माहेर सोडा, आजीचं नावही त्यात कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. हेळव्याचा काय दोष, आपणच सूपभर धान्य देऊन ते काम त्याच्यावर सोपवलं आणि मोकळे झालो. आजी असताना मी विचारलं नाही हे खरं, पण शाळा, क्लास, मग नोकरी, त्या वयात कोण विचारतं?

रात्री आईला फोन लावला, तिकडे पहाट होती. ती म्हणाली आजीची धाकटी बहीण आहे की संकेश्वरला, पुढच्या महिन्यात लग्नाला जाईन तेव्हा विचारते. म्हटलं, आई, आजच फोन कर.