स्टेडियम आलं, मग भाव किती वाढला?

गणपतीला मुंबईहून माणसं आली की ओटीवर चहा घेताना हा प्रश्न येतोच. "वहिनी, तुमच्या डोक्यावर स्टेडियम आलं म्हणे. गुंठा कितीवर गेला आता?" बँकेत भेटलेली माणसं विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीही वाडीचं नाव ऐकून हेच विचारलं. दर वेळी मी "वाढलाय थोडा" एवढं म्हणून गप्प बसते, कारण खरं उत्तर लांब आहे. आज ते सगळं लिहिते.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या उतारावर. वर सपाट कातळ, त्याखाली आंबा-काजूच्या बागा, मग घरं, घरांखाली पऱ्या म्हणजे ओढा आणि शेवटी खाडी. चार वर्षांपूर्वी वरच्या सड्यावर क्रीडासंकुल उभं राहिलं. गवताचं मैदान, भोवती धावपट्टी, एका अंगाला पत्र्याच्या छपराची गॅलरी, दिव्यांचे चार उंच खांब आणि गाड्यांसाठी डांबरी आवार.

पैशाचं आधी उरकते. भाव वाढलाय, खोटं कशाला सांगू. रस्त्याला लागून ज्यांच्या एकट्याच्या नावावर जागा होत्या, त्यांतल्या दोघा-तिघांनी विकल्या, त्यांचं भलं झालं. आमच्या सातबाऱ्यावर मात्र एकतीस नावं आहेत. निम्मी माणसं विरार-डोंबिवलीला, काही वारलेली, त्यांची वारसनोंद अजून व्हायची आहे. कोकणातली सामायिक जमीन ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. शिवाय घर विकायचंच नसेल तर वाढलेला भाव हातात येत नाही, घरपट्टीत तेवढा येतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते आणि ते मूल्य रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरावरून काढतात.

माझा मावसभाऊ नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. ते स्टेडियम २००८ साली सुरू झालं, पहिल्या आयपीएलची फायनल तिथेच झाली, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी विश्वचषकही तिथेच जिंकला. त्या रात्री हा पन्नाशीचा माणूस रस्त्यावर नाचत होता. पण जागेच्या भावाचं विचारलं की म्हणतो, "भाव स्टेशनने आणि हायवेने वाढवला गं. मॅचच्या दिवशी मला माझ्याच गल्लीत गाडी लावायला मिळत नाही." आमच्या सड्याला तर स्टेशनही नाही आणि हायवेही नाही.

आता पाणी. मला खरं तर हेच सांगायचं आहे.

कातळाच्या जमिनीपुढे सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहितात. पिकत नाही म्हणजे खराब. म्हणून काही बांधायचं झालं की सगळ्यांची नजर आधी सड्यावर जाते. पण जांभा हा भोकाभोकांचा दगड आहे. रत्नागिरीकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर पाणी होतं, म्हणजे एका हेक्टरवर एका पावसाळ्यात तीन कोटी लिटर. सगळं मुरत नाही, बरंचसं वाहून खाडीला जातं. पण जे मुरतं ते जांभ्यातून सावकाश खाली उतरतं, तळच्या चिकणमातीवर अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर कुठेतरी झरा होऊन फुटतं. आमच्या विहिरी त्या झऱ्यांवर आहेत. पोटखराबा म्हणतात ती आमची टाकी आहे, हे फाइलीत कुठे लिहिलेलं नसतं.

आमच्या परसातल्या विहिरीला आतून जांभ्याच्या चिऱ्यांचं बांधकाम आहे. शिमग्याला पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई विहिरीच्या काठावर ओणवून पाण्याच्या वर किती चिरे उघडे पडलेत ते मोजतात. त्यांच्या सासूबाईही मोजायच्या. साधारण नऊ किंवा दहा थर दिसायचे, आणि नऊ-दहा असले की मे महिना निघायचा हे ठरलेलं. संकुल झाल्यावरच्या दुसऱ्या शिमग्याला त्या मोजून घरात आल्या आणि चुलीपाशी नुसत्या बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाय, चौदा दिसतायत गो." त्या वर्षी आम्ही १८ एप्रिलपासून टँकर घेतला. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, घरी टँकर आल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

पाऊस त्या वर्षी कमी होता का? नव्हता. पाणी आलं होतं, फक्त मुरायला जागा राहिली नव्हती. छपराचं, डांबराचं, गॅलरीखालच्या काँक्रीटचं पाणी एका गटारात जमा होत होतं आणि ते गटार आमच्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या तोंडाशी आणून सोडलं होतं. पहिल्या मोठ्या पावसात, रात्री दोनच्या सुमाराला, मागीलदारी भांडी वाजल्यासारखा आवाज आला. दार उघडलं तर पाखाडीच्या पायऱ्यांवरून लाल पाण्याचा लोट येत होता, सोबत खडी आणि मुरूम. सारवलेलं अंगण गेलं. लाकडं वाहून दगडांच्या गडग्याला अडकली आणि गडगा फुटून शेजारच्या काकूंच्या अळवाच्या वाफ्यात गेला. सकाळी त्यांनी चिखलातून अळवाचे कांदे एक एक करून वेचून काढले, आणि ओले ओले माझ्याकडे अर्धे आणून दिले. जूनमध्ये घरात शिरणारं हे पाणी आम्हाला एप्रिलमध्ये विहिरीत हवं असतं.

त्यात मैदानाला गवत. ते जगवायचं तर उन्हाळाभर रोज पाणी लागतं, त्यासाठी सड्यावर बोअर मारली. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते. तेव्हा ती बातमी मी मराठवाड्याची म्हणून वाचली होती. आता टँकरखाली हंडा धरून उभी असताना वर फवारे सुरू झाल्याचा आवाज येतो, तेव्हा ती आठवते.

दिव्यांचं आणि आवाजाचं तुलनेने थोडक्यात. हिवाळ्यात टेनिस बॉलच्या नाईट टूर्नामेंट होतात. कॉमेंट्री आणि डीजे आमच्या माजघरात ऐकू येतात. कायद्याने वस्तीत रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दिवसा ५५. आमचा शिमग्याचा ढोलही रात्रभर वाजतो, हे मला मान्य आहे. पण तो वर्षातून ठरलेले दिवस वाजतो आणि ढोलाला कोण उभं आहे ते आम्हाला माहीत असतं, त्याच्या आईला जाऊन सांगता येतं. दिव्यांचं दुःख वेगळं. पावसाच्या तोंडावर पऱ्याकाठचं ऐनाचं झाड काजव्यांनी पेटायचं. काजवे एकमेकांना प्रकाशाने बोलावतात, बाहेरचा उजेड फार झाला की त्यांची हाक पोचत नाही. वेळास-आंजर्ल्याकडे कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा किनाऱ्यावरच्या दिव्यांची काळजी घेतात, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने भलतीकडे जातात. सड्यावरच्या चार खांबांचा झोत मैदानापुरता खाली वळवावा, एवढं तरी करता येण्यासारखं आहे.

म्हणजे स्टेडियम नको होतं का? हेही विचारतात, आणि इथे माझं उत्तर ठाम आहे. हवं होतं. माझी मुलगी आठशे मीटर धावते. आधी ती कातळावर अनवाणी धावायची, गुडघे सतत सोललेले. आता पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन पाखाडी चढते, तिच्याबरोबर वाडीतल्या आणखी सहा मुली असतात. त्यांतली एक नववीत शाळा सोडणार होती. तिच्या वडिलांनी तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत पळताना पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. ही जागा त्या मुलींची झाली आहे. ती कुणी बंद करायला निघालं तर सगळ्यांत आधी मी आडवी येईन.

म्हणूनच मला राग येतो तो बांधणाऱ्यांनी खाली पाहिलं नाही याचा. मोजणीला आलेल्या साहेबांना सासूबाईंनी विहीर दाखवायला बोलावलं होतं. ते "नंतर येतो" म्हणाले. आले असते तर फार काही करावं लागलं नसतं. गटाराचं तोंड वळवायचं, आवारात डांबराऐवजी पाणी जिरेल अशी फरसबंदी घालायची, छपराचं पाणी साठवून गवताला द्यायचं. कोकणात घराच्या पागोळ्या कुठे पडतात ते पाहून माणूस अंगण घालतो. एवढ्या मोठ्या छपराच्या पागोळ्या कुठे पडतील हे कुणी पाहिलं नाही.

शेवटी तोड आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने काढली. संकुलाच्या पलीकडे सोडून दिलेली चिरेखाण आहे, वीस-बावीस फूट खोल. "गटार तिकडे न्या, खाण भरेल, खाणीतनं मुरेल," असं त्याने ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. त्यावर पाच ग्रामसभा गेल्या. मी पाचही वेळा गेले, अर्जाची पोचपावती प्रत्येक वेळी घेतली. तुमच्या गावात असं काही यायचं असेल तर काम सुरू होण्याआधी नकाशा मागा आणि त्यात पाण्याची वाट कुठून काढलीय ते बोटाने दाखवायला लावा. आमच्या हे उशिरा लक्षात आलं. गेल्या मे महिन्यात चर खणला गेला, निम्मा पंचायतीच्या पैशाने, निम्मा आमच्या श्रमदानाने. धावणाऱ्या मुलींनीही घमेली उचलली.

पावसाळ्यात पाखाडीवरून लोट आला नाही. खाण काठोकाठ भरली आणि दिवाळीपर्यंत उतरत उतरत तळाला गेली. दिव्यांवर झाकणं अजून बसलेली नाहीत, त्याचा अर्ज दिलेला आहे.

या शिमग्याला पालखी येऊन गेल्यावर सासूबाईंना ओणवता येईना, गुडघे दुखतात. मला म्हणाल्या, "तू मोज." मी काठावर हात टेकवून वाकले आणि वरून एक एक थर मोजत गेले. अकरा. त्यांना पटेना. मग मुलीला बोलावलं आणि पुन्हा मोजायला लावलं.