साडीवरचा ब्लेझर : मांजरपाट ते दिवाळी पहाट

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात मांजरपाटावर, म्हणजे कच्चा नमुना बेतायच्या साध्या सुती कापडावर, पहिली कात्री चालवली आणि दिवाळीच्या पहाटे तयार ब्लेझर पैठणीवर चढवला. मधल्या सात महिन्यांत दोन ब्लेझर पूर्ण झाले, त्यांपैकी एक अर्धा उसवून पुन्हा शिवावा लागला आणि खणाचा सव्वा मीटरचा तुकडा कायमचा वाया गेला. सणासुदीला साडीवर घालायचा ब्लेझर घरीच बेतू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदीत मापे आणि चुका दोन्ही तपशिलाने देत आहे.

पहिली चूक मापाची होती. मी नेहमीच्या सवयीने ब्लाउज आणि परकरावर मापे घेतली, त्यावरून मांजरपाटाचा नमुना कापला, कच्च्या टीपा घातल्या आणि साडी नेसून तो अंगात घातला, तर कमरेशी बटण लागेचना. परकराची नाडी, खोचलेल्या निऱ्या आणि कमरेभोवतीचा साडीचा फेरा एवढे मिळून माझ्या 33 इंचांच्या कमरेचे माप 36 इंचांच्या पुढे गेले होते, आणि छातीवरून पदराच्या चुण्या गेल्यामुळे तिथेही दीड इंच वाढला होता. बाजारातला ब्लेझर पँटवर किंवा स्कर्टवर बसेल असा बेतलेला असतो, त्यामुळे तो साडीवर एकतर आवळतो, नाहीतर मोठ्या मापाचा घेतल्यास खांद्यावरून उतरतो. म्हणून आता मी जी साडी नेसायची तीच नेसून, पदराला पिन लावून आणि त्या दिवशी घालायच्या चपला पायात घालून मापे घेते. खांद्याचे माप मात्र साडीशिवायच घ्यावे, कारण खांदा फसला तर पुढे काहीच सावरता येत नाही.

उंचीचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. पहिला नमुना मागून 25 इंच उंच होता. त्याने निऱ्यांचा उगम झाकला जाऊन कमरेपासून गुडघ्यापर्यंत सारे एकसंध खोक्यासारखे दिसू लागले. साडीची सगळी शोभा कमरेपासून खाली सुटणाऱ्या उभ्या रेषांत असते, आणि त्या कुठून सुटल्या हे पाहणाऱ्याला कळलेच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. उंची आधी 23 आणि शेवटी 21 इंचांवर आणली. बटण एकच ठेवले आणि ते निऱ्या जिथे खोचल्या जातात त्याच्या बरोबर एक इंच वर घेतले. समोरच्या दोन्ही कडा बटणाच्या खाली गोलाई देऊन मागे वळवल्या, त्यामुळे निऱ्या जणू त्या बटणातूनच सुटल्यासारख्या दिसतात. बटण पैठणीबरोबर आलेल्या ब्लाउजपीसच्या तुकड्याने मढवले आहे. त्या ब्लाउजपीसचा आणखी कुठेही, म्हणजे खिशाच्या पट्टीला किंवा कॉलरला, वापर केला नाही. तो मोह आवरणे बरे.

आता पदर. या छंदातला खरा पेच तोच आहे आणि त्यावर मी जवळजवळ एक महिना घालवला. पदर ब्लेझरच्या वरून घेतला तर डावी लॅपल, म्हणजे छातीवर बाहेर दुमडलेली कॉलरची पट्टी, पूर्ण झाकली जाते, इतक्या कष्टाने वळवलेली कॉलर कोणाला दिसत नाही आणि खांद्यावर पिनेची भोके पडतात ती वेगळीच. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन गुजराती पद्धतीने नेसून पाहिले, तेव्हा समोरून ब्लेझरच नाहीसा झाला. पदर आत घेऊन कमरेशी खोचणे हा तिसरा मार्ग. तो साध्या सुती साडीला चालेल, परंतु येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा पदर आत दडपून ठेवायचा असेल तर ती पैठणी नेसायची तरी कशासाठी?

उत्तर उंचीतच सापडले. नेहमीप्रमाणे डाव्या खांद्यावर पदर पिनेने बसवून मग वरून ब्लेझर घातला, तर पदर पाठीवरून आतल्या आत उतरतो आणि ब्लेझरच्या खालच्या कडेतून बाहेर पडतो. माझा पदर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सुमारे 40 इंच येतो आणि ब्लेझर 21 इंचांचा आहे, म्हणजे शेवटचे 19 इंच, ज्यांत मोरांची जरीची वीण आहे, ते मोकळे दिसतात. समोरून लॅपलच्या इंग्रजी व्ही आकाराच्या उघड्या भागात पदराचा काठ डाव्या लॅपलखालून निघून तिरका उजव्या लॅपलखाली शिरतो, आणि ती एक तिरकी रेषा सगळ्या पेहरावाला जागेवर आणते. हातमागाच्या पैठणीत उलटी आणि सुलटी बाजू जवळपास सारखीच दिसते, त्यामुळे चालताना पदर उलटला तरी काही बिघडत नाही. यंत्रमागावरच्या पैठणीच्या उलट बाजूला मात्र सुटे दोरे असतात आणि अशा मोकळ्या पदरात ते लगेच दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

पदर आत घेतल्यावर एक अडचण आरशात दिसली आणि ती समजायला मला दोन दिवस लागले: डावा खांदा उजव्यापेक्षा उंच दिसत होता. आधी कटिंग चुकले असे वाटून मी शिलाई उसवली, पुन्हा मोजले, तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत्या. फरक पदराचा होता. सहा चुण्या म्हणजे रेशमाचे आणि जरीचे कितीतरी थर एकाच ठिकाणी येतात आणि त्यांवर पुन्हा शोल्डर पॅड बसतो. शेवटी उजवीकडे अर्ध्या इंचाचा पॅड तसाच ठेवला आणि डावीकडचा काढून त्याजागी पाव इंचाचा बसवला. हँगरला लावलेला ब्लेझर आता एका बाजूला किंचित कललेला दिसतो, पण साडीवर दोन्ही खांदे एका रेषेत येतात.

अस्तराचेही असेच झाले. ब्लेझरला गुळगुळीत अस्तर लावायचे ते हात सहज आत-बाहेर व्हावेत म्हणून, परंतु त्याच गुळगुळीतपणामुळे जरीचा जड पदर आतून हळूहळू डावीकडे सरकत राहतो आणि तासाभरात सगळा गोळा काखेशी जमतो. यावर मी बाह्यांना आणि पुढच्या दोन्ही भागांना सॅटिनच ठेवले, मात्र पाठीच्या वरच्या भागाला खांद्यापासून आठ इंचांपर्यंत साध्या सुती केंब्रिकचे अस्तर लावले. सुती कापड रेशमाला धरून ठेवते. शिवाय पाठीच्या मध्यावर अस्तरात एक इंचाची सैल घडी ठेवली, म्हणजे वाकताना पदर आणि ब्लेझर एकमेकांना ओढत नाहीत.

कापडाविषयी आधी माझी कल्पना वेगळीच होती. पैठणीवर खणाचा ब्लेझर करावा असे मनात होते आणि मांजरपाटावरून सरळ त्याच कापडाला हात घातला. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण म्हणजे मूळचे चोळीचे कापड. पन्हा जेमतेम 31 इंच, दोन्ही कडांना काठ आणि अंगभर बारीक नक्षी. त्या पन्ह्यात ब्लेझरचे भाग बसवणे हेच एक कोडे असते. बाह्यांच्या तळाशी काठ यावा असे वाटत असेल तर बाही कापडाच्या आडव्या अंगाने कापावी लागते आणि मग तिच्यावरची नक्षी आडवी पडते. मी नक्षी सरळ ठेवली आणि काठ वेगळा कापून जोडला. त्यात खण कापताक्षणी कडेने सुटू लागतो, म्हणून कापण्याआधीच त्याला मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे आधाराचे कापड, चिकटवले. इथेच घात झाला. इस्त्रीची वाफ लागताच कापड आटले, फ्युजिंग मात्र आटले नाही, आणि सव्वा मीटरभर भागावर पापडासारखे फुगे उठले. इस्त्री मी पुढे-मागे सरकवली होती, तीही चूकच. ती उचलून ठेवत, प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद दाबून, पुढे जायला हवे होते. दुसऱ्या वेळी आधी सगळ्या कापडाला नुसती वाफ देऊन ते रात्रभर सपाट पसरून ठेवले, ओल्या मलमलीच्या रुमालावरून दाब दिला आणि मग एकही फुगा आला नाही.

इतके करून तो खणाचा ब्लेझर पैठणीवर घातला तेव्हा दोन नक्षीदार कापडे एकमेकांशी भांडू लागली. साडी बोलकी असेल तर ब्लेझरने गप्प बसावे, एवढेच त्यावर म्हणता येईल. खणाचा ब्लेझर आता बारीक काठाच्या, बिनबुट्ट्याच्या इरकलीवर घालते आणि तो तिथे फार शोभतो. पैठणीसाठी बाटलीच्या हिरव्या रंगाचे मटका सिल्क आणले. मलबरी रेशमाच्या सुट्या तंतूंपासून हाताने कातलेल्या सुतामुळे या कापडाला थोडा खडबडीतपणा आणि अंग असते. ते चमकत नाही, लुळे पडत नाही आणि लॅपलची वळणरेषा झकास धरते. लॅपलला फ्युजिंग न लावता कॅनव्हास, म्हणजे ताठपणा देणारे जाड कापड, आतून हाताने तिरप्या टाक्यांनी बसवला. त्याला चार संध्याकाळी लागल्या आणि त्या सत्कारणी लागल्या, कारण कॉलर आता इस्त्रीने चेपल्यासारखी न दिसता आपली आपण वळते.

पहिली खरी चाचणी गौरीच्या हळदी-कुंकवाला झाली आणि ती फसली. भाद्रपदातली दमट हवा, घरात समया आणि स्वयंपाकघरात पुरण. अर्ध्या तासात मी ब्लेझर काढून खुर्चीच्या पाठीला टाकला. आत नीट शिवलेला बिनबाह्यांचा सुती ब्लाउज होता म्हणून बरे. ब्लाउजला बाह्या असत्या तर त्या ब्लेझरच्या बाहीत गोळा झाल्या असत्या, आणि ब्लाउजऐवजी नुसताच ब्लेझर घातला असता, तर तो काढताच आला नसता. त्याच दिवशी दुसरे वैगुण्यही उघड झाले: आरतीचे ताट ओवाळताना हात वर गेला की सगळा ब्लेझरच वर उचलला जाई आणि बटण छातीशी येई. मला वाटले, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, लहान आहे, तो मोठा करावा. आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिंपीकाकांना दाखवले तेव्हा ते हसून म्हणाले, "ताई, उलटं करा. मुंढा वर घ्या, काखेच्या जवळ आणा. हात मोकळा होईल." विश्वास बसत नव्हता, तरी बाह्या उसवून मुंढा पाऊण इंच वर घेतला आणि बाही पुन्हा बसवली. खोल मुंढ्यात हाताबरोबर अंगाचे कापडही उचलले जाते, उंच मुंढ्यात फक्त बाही हलते. आता दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या तरी खालची कड जागची हलत नाही.

त्याच हळदी-कुंकवाला आई म्हणाली होती, "अगं, पैठणीवर हे साहेबाचं जाकीट कशाला?" तिचा शब्दच तिला उत्तर देत होता, कारण जाकीट ही आपल्याकडे काही कालची गोष्ट नाही. 1860च्या दशकात रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनीदेवी ठाकूर मुंबईत राहिल्या, इथल्या पारशी स्त्रियांचे नेसणे त्यांनी पाहिले, आणि बंगालमध्ये परतल्यावर साडीबरोबर ब्लाउज-जाकीट घालण्याची रीत तिथे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या छायाचित्रांत पुण्या-मुंबईच्या कितीतरी स्त्रियांच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांची, गळाबंद पोलकी दिसतात. आईला हे सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली की त्यांच्या पोलक्यांना निदान लेस तरी होती.

दागिन्यांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. गळ्यालगतची ठुशी ब्लेझरच्या गळ्यात उत्तम बसते. मोहनमाळ किंवा लक्ष्मीहार लॅपलखाली अडकतो आणि अर्धवट दिसतो, म्हणून तो घालू नये. कंबरपट्टा ब्लेझरवरून बांधलेले पाहिले आहे, मला तो अजिबात पटत नाही. बाहीची लांबी मनगटाच्या अडीच इंच वर ठेवली, कारण हिरव्या बांगड्या आणि पाटल्या झाकणारी बाही सणाला काय कामाची? या मापात एक त्रुटी राहिली: कोपर वाकवले की तोडे वर सरकून बाहीच्या आत शिरतात आणि त्यांची कंगोरेदार कड अस्तर ओरबाडते. उजव्या बाहीच्या सॅटिनला दसऱ्याच्याच दिवशी तीन बारीक ओरखडे पडले आणि त्यांतला एक आता नखाएवढा फाटला आहे.

दिवाळी पहाटेच्या मैफलीला मात्र ब्लेझरचे चीज झाले. पहाटे साडेपाचला उद्यानातल्या खुर्च्या दवाने ओल्या होत्या, आजूबाजूला रेशमी साड्यांवर घाईने ओढलेले स्वेटर आणि शाली होत्या, आणि माझ्या अंगावर पैठणीसकट तीन तास बटण लावून बसता येईल असे उबदार कापड होते. बसताना बटण काढायचे ठरवले होते, त्याची गरज पडली नाही. पदर मात्र बसण्याआधी मागून उचलून मांडीवर घ्यावा लागतो, नाहीतर तो खाली दाबला जाऊन खांद्याची पिन ओढली जाते. मला हे मध्यंतरानंतर कळले आणि पिनेपाशी रेशमाचा एक धागा खेचला गेला होता.

सध्या दोन कामे हातात आहेत. बाह्यांच्या तळाशी आतून दोन इंचांची जाड सुती पट्टी लावायची आहे, म्हणजे तोड्यांनी अस्तर फाटणार नाही. दुसरे काम नऊवारीचे आहे. काष्टा मागे खोचला जातो तिथे एवढा जाडपणा येतो की 21 इंचांचा ब्लेझर त्यावर मागून उचलून उभा राहतो, म्हणून 17 इंचांचा नवा नमुना मांजरपाटावर कापून ठेवला आहे. त्याच्या पाठीला मधोमध चीर द्यावी की दोन बाजूंना दोन द्याव्यात, हे काष्टा घालून बसल्या-उठल्याशिवाय ठरणार नाही. तूर्त दोन्ही रेषा खडूने आखल्या आहेत.